शोधविपणन सल्लागार आणि आपण : संधाय संभाषेची गरज

पूर्वी आपल्या चिकित्सालयाबाहेर रुग्णांच्या रांगेत एखादा औषध कंपनीचा प्रतिनिधी मांडीवर बॅग घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असे. आता त्याच्या जोडीला आणखी एक अभ्यागत आला आहे. तो सहसा प्रत्यक्ष येत नाही. नाडीपरीक्षा चालू असताना त्याचा दूरध्वनी येतो, दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा निरोप येतो आणि सायंकाळी ई-मेलमधून एक अहवाल येऊन पडतो. ‘आपल्या संकेतस्थळात सत्तेचाळीस गंभीर दोष आढळले आहेत’, ‘तीस दिवसांत आपणांस गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो’, ‘आपल्या गावातील अमुक वैद्य आपल्यापुढे गेले, हे आपणांस ठाऊक आहे काय?’ अशी त्याची भाषा असते. या व्यवसायाला शोधविपणन किंवा सर्च मार्केटिंग म्हणतात, आणि तो करणारा स्वतःस सल्लागार म्हणवितो.

आपल्या मंडळींच्या बैठकींत या सल्लागारांविषयी दोनच प्रकारचे उद्गार ऐकू येतात. काही जण म्हणतात, ‘सगळे लबाड आहेत, दारातच उभे करू नये.’ दुसरे म्हणतात, ‘त्यांच्यावाचून आता चालणार नाही, मागतील ते देऊन टाकावे.’ आमच्या मते ही दोन्ही मते एकाच उणिवेतून निघालेली आहेत. या माणसाशी पहिल्या भेटीत कसे बोलावे, त्याच्याकडून कोणत्या वर्तनाची अपेक्षा ठेवावी आणि आपण त्याच्याशी कसे वागावे, याचा विचारच आपण केलेला नाही. तो करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रश्न केवळ जाहिरातीचा नाही

प्रथम हा विषय आपला का, ते पाहू. आज तालुक्याच्या गावातील रुग्णही वैद्याकडे येण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर काहीतरी शोधून येतो. तो ‘अर्श’ शोधत नाही, ‘मूळव्याध’ शोधतो. ‘अश्मरी’ शोधत नाही, ‘मुतखडा’ शोधतो. आणि अनेकदा हे मराठी शब्द रोमन लिपीत लिहितो. त्यास जे प्रथम दिसते, त्यावर तो पुष्कळदा विश्वास ठेवतो. तेथे सत्य, संयत माहिती दिसते की ‘सात दिवसांत समूळ नाश’ अशी घोषणा दिसते, यावर त्याचा पुढचा मार्ग ठरतो. म्हणजे शोधयंत्रात काय दिसावे, हा प्रश्न शेवटी रुग्णहिताचा आहे, आणि ते दिसण्याची व्यवस्था करणारा माणूस नकळत आपल्या चिकित्सेच्या उंबरठ्यावर उभा आहे.

शोधयंत्राच्या पानावर सामान्यतः तीन प्रकारच्या गोष्टी दिसतात. पहिली, पैसे देऊन घेतलेली जागा. तिच्यावर प्रायोजित असल्याची खूण असते आणि पैसे थांबले की ती जागाही जाते. दुसरी, नकाशासह येणारी स्थानिक व्यवसायांची यादी. शोधलेल्या विषयाशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि त्या व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर तिचा क्रम मुख्यत्वे ठरतो, असे गूगलनेच प्रसिद्ध केले आहे. तिसरी, संकेतस्थळांचे स्वाभाविक निकाल; यांसाठी गूगल पैसे घेत नाही. चांगला सल्लागार या तिन्हींतील भेद पहिल्याच भेटीत समजावून सांगतो. जो तिन्हींचा काला करून ‘पहिला क्रमांक’ एवढेच म्हणतो, त्यास एक तर विषय कळलेला नाही, किंवा आपणांस तो कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

छद्मचर येथेही आहेत

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला छद्मचर, औषधांची पात्रे, पोथ्या आणि वैद्यासारखी मुद्रा यांच्या बळावर वैद्य म्हणवून घेणारा. दुसरा सिद्धसाधित, यशस्वी व कीर्तिमान पुरुषांशी आपला संबंध सांगून त्यांच्या नावावर मिरवणारा. तिसरा मात्र खऱ्या वैद्यगुणांनी युक्त. हे वर्गीकरण केवळ वैद्यांपुरते नाही, असे आम्हांस अनेक वर्षांच्या अनुभवाने वाटू लागले आहे.

जो सल्लागार आपले संकेतस्थळ न वाचताच यंत्राने काढलेला दोषांचा लांबलचक अहवाल पाठवितो, तो छद्मचर होय. त्या अहवालातील निम्मे ‘दोष’ निरुपद्रवी असतात. परंतु लाल अक्षरे पाहून आपली छाती धडधडते. रुग्णाच्या मनात आधी भीती उत्पन्न करावी आणि मग औषध विकावे, ही रीत आपण भोंदू वैद्यात निंद्य मानतो. ती येथेही तितकीच निंद्य आहे. ज्याच्या माहितीपत्रकावर मोठमोठ्या रुग्णालयांची बोधचिन्हे असतात, पण त्यांच्यासाठी नेमके काय काम केले असे विचारल्यावर जो विषय बदलतो, तो सिद्धसाधित होय.

पहिल्या क्रमांकाची हमी हे तर या मंडळींचे मुख्य लक्षण. स्वाभाविक निकालांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगत आले आहे. हमी देणारा एक तर कोणी कधी शोधणारच नाही अशा लांबलचक शब्दसमूहासाठी पहिला क्रमांक दाखवितो, किंवा नियमबाह्य उपाय योजतो. विकत घेतलेले दुवे, एकाच मजकुराच्या शेकडो नकला, खोटे अभिप्राय हे ते उपाय. असे उपाय म्हणजे अतितीक्ष्ण विरेचनच. दोन दिवस हलके वाटते आणि मग बलहानी होते. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये निकृष्ट मजकुराविरुद्ध आणि एप्रिल २०१२ मध्ये कृत्रिम दुव्यांविरुद्ध मोठे बदल केले, तेव्हा अनेक संकेतस्थळे एका रात्रीत मागे फेकली गेली. ऑगस्ट २०१८ मधील बदलाचा फटका आरोग्यविषयक संकेतस्थळांना इतका बसला की, त्या व्यवसायातील लोकांनी त्यास ‘मेडिक’ असे नावच दिले. अशा वेळी नुकसान कोणाचे होते? सल्लागार नवा ग्राहक शोधतो. नाव मात्र वैद्याचे जाते.

आता आपल्या बाजूने

येथपर्यंत वाचून वाचकांनी मान डोलावली असेल. परंतु न्याय करावयाचा तर आरसा आपल्याकडेही वळविला पाहिजे. प्रामाणिक सल्लागाराशी आपण कसे वागतो?

आपण त्यास वेळ देऊन बोलावितो आणि दीड तास बाहेर बसवितो. त्याच्याकडून संपूर्ण योजना लिहून घेतो आणि मग ती भाच्याच्या हाती देऊन म्हणतो, ‘एवढे तू करून टाक.’ पाच जणांकडून प्रस्ताव मागवितो, एकास काम देतो आणि उरलेल्या चौघांस नकार कळविण्याचेही सौजन्य दाखवीत नाही. कोणी फुकट परीक्षण मागितले की आपला संताप होतो. विवाहसमारंभात कोणी नाडी पुढे केली की आपण घरी येऊन तक्रार करतो. आणि दुसऱ्याचे ज्ञान मात्र चहाच्या पेल्यावर मिळावे असे आपणांस वाटते. औषध सुरू करून आठव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणणाऱ्या रुग्णास आपण कालमर्यादा समजावून सांगतो. स्वतः मात्र दुसऱ्याच महिन्यात विचारतो, ‘रुग्ण का वाढले नाहीत?’ वास्तविक अशा कामाचा परिणाम दिसण्यास चार महिन्यांपासून वर्षभराचा काळ लागू शकतो. जीर्ण व्याधीची चिकित्सा करणाऱ्यांस हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

याहून गंभीर गोष्ट आमच्या स्वतःच्या हातून घडली आहे. ती सांगणे सुखाचे नाही; परंतु सांगितल्यावाचून या लेखास अर्थ राहणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयाचे व त्यास जोडून असलेल्या औषधी दुकानाचे संकेतस्थळ नव्याने करावयाचे होते. एक तरुण सल्लागार आला. त्याने तासभर प्रश्न विचारले : कोणते रुग्ण अधिक येतात, कोणते आपण दुसरीकडे पाठविता, पंचकर्मासाठी किती खाटा आहेत, दूरध्वनी कोण उचलते. मग त्याने आम्ही लिहून ठेवलेला मजकूर वाचला. त्यात एक पान ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ या मथळ्याचे होते. तो म्हणाला, ‘सर, बाकी सगळं करू. हे पान मात्र मी करणार नाही. कायद्यात बसत नाही, आणि वाचणारा त्याचा काय अर्थ घेईल ते आपल्याला सांगता येत नाही.’ आम्हांस राग आला. तीस वर्षे चिकित्सा करणाऱ्यास मधुमेहाविषयी हा शिकविणार काय, असे वाटले. आम्ही त्यास चहाही विचारला नाही.

दुसरा सल्लागार मिळाला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मथळ्यात ‘गॅरंटीड’ हा शब्द त्याने स्वतःहून घातला आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. आम्ही ते वाचले आणि गप्प राहिलो.

पुढील वर्षी एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन दूरच्या गावाहून आले. वृद्ध रुग्ण अनेक वर्षे इन्सुलिनवर होते. आमचे ते पान वाचून त्यांनी इन्सुलिन स्वतःच बंद केले होते; आमच्याकडे येण्याआधी शरीरशुद्धी व्हावी म्हणून दहा-बारा दिवस फळांच्या रसावर राहिले होते. ग्लानी, कोरडी जीभ, जलद श्वास पाहताच आम्ही त्यांना तातडीने जवळच्या रुग्णालयात पाठविले. ते वाचले. त्यांच्या मुलास आम्ही म्हणालो, ‘इन्सुलिन असं परस्पर कसं बंद केलंत?’ तो शांतपणे म्हणाला, ‘डॉक्टर, तुम्हीच तर लिहिलंय.’

त्या रात्री ते पान काढून टाकण्यासाठी आम्ही सल्लागाराशी संपर्क साधला. तेव्हा कळले की, संकेतस्थळाचे नाव त्याच्या नावावर नोंदलेले आहे, परवलीचे शब्द त्याच्याकडे आहेत आणि मागील हप्ता बाकी असल्याचे सांगून तो काहीही बदलण्यास तयार नाही. आमच्या नावाने असलेले, एका माणसाच्या जिवावर उठलेले ते पान आणखी सतरा दिवस तसेच लोकांना दिसत राहिले.

दोष त्या दुसऱ्या सल्लागाराचा होताच. परंतु आरंभ आमच्या उद्दामपणात होता. ज्याने आम्हांस नकार दिला, त्याचा आम्ही मान राखला असता, तर पुढचे काही घडले नसते. सन्मान हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. ज्याचा आपण मान राखतो, त्याचेच अप्रिय बोलणे आपण ऐकतो, हे त्या प्रसंगाने आम्हांस शिकविले.

कायद्याची मर्यादा दोघांनाही

त्या तरुणाचे म्हणणे कायद्यानेही रास्त होते. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, पक्षाघात, अपस्मार, श्वित्र, हृद्रोग, रक्तदाबाचे विकार, स्थौल्य, अश्मरी इत्यादी व्याधी आहेत, आणि त्यांचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन, पत्रक यांबरोबरच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. १९५४ साली संकेतस्थळे नव्हती. पण इतक्या विस्तृत व्याख्येतून आपले संकेतस्थळ सुटते, असे मानण्यात शहाणपण नाही. विशेष म्हणजे हा कायदा केवळ औषधवाल्यास बांधत नाही. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेण्यास तो मनाई करतो. म्हणजे असा मजकूर लिहिण्यास आपण सल्लागारास भाग पाडतो, तेव्हा आपल्याबरोबर त्याची मानही अडकवितो.

आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींस पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि जुलै २०२४ मध्ये तो वगळण्याची अधिसूचना निघाली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. या घडामोडींवरून ‘आता सर्व मोकळे झाले’ असा समज काही औषधनिर्मात्यांत पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. १९५४ चा अधिनियम जागच्या जागी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पुत्रप्राप्तीच्या औषधांचे व उपायांचे शब्द संकेतस्थळावर घालण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की, लिंगनिदानविषयक जाहिरातींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्यांनाही शोधयंत्रातच प्रतिबंध घालण्यास लावले होते.

फार्मसीचालकांसाठी एक गोष्ट अधिक. अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. संकेतस्थळ करणाऱ्या तरुणास वत्सनाभ आणि तुळस यांतील भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. तो दोन्हींच्या कल्पांखाली ‘आत्ताच खरेदी करा’ असे सारखेच बटण लावील. ही माहिती त्यास देणे हे आपले कर्तव्य आहे. चरकाचार्यांनी रुग्णाच्या गुणांत आपली स्थिती नीट सांगण्याचा गुण आवर्जून घातला आहे. सल्लागारासमोर आपण त्या रुग्णाच्या जागी असतो. काही लपवून ठेवायचे आणि उपाय मात्र अचूक हवा, हे कसे व्हावे?

पहिली भेट कशी असावी

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत : संधाय संभाषा, म्हणजे सख्यभावाने केलेली चर्चा, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्याच्या हेतूने केलेला वाद. सल्लागार आणि वैद्य यांची पहिली भेट आज बहुधा दुसऱ्या प्रकारची होते. एकास विकायचे असते, दुसऱ्यास फसायचे नसते. ती पहिल्या प्रकारची व्हावी, यासाठी उभयपक्षी काही गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही सुचवितो.

सल्लागाराने रुग्णतपासणीच्या वेळात दूरध्वनी करू नये. ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा करू नये. (जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी १९०९ या क्रमांकावर नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींविरुद्ध नोंदणी व तक्रार करण्याची सोय आहे.) त्याने आधी दर्शन आणि प्रश्न करावेत, मग निदान सांगावे. साध्यासाध्यता स्पष्ट करावी. असाध्य व्याधीची चिकित्सा अंगावर घेणारा वैद्य धन, विद्या आणि यश गमावतो, हे आपण शिकलो आहोत. ज्या शहरात मोठमोठी रुग्णालये मुबलक खर्च करीत आहेत, तेथे एका लहान चिकित्सालयास ‘पंचकर्म’ या एकाच शब्दावर अग्रस्थान मिळणे अवघड आहे, असे सांगणारा सल्लागार आपला शत्रू नव्हे. त्याच गल्लीतील दुसऱ्या वैद्याचे काम तो करीत असेल, तर तेही त्याने आधीच सांगावे.

आपण त्याचे प्रश्न शांतपणे ऐकावेत. पहिली ओळखीची भेट विनामूल्य असणे ठीक. परंतु सविस्तर परीक्षण आणि लेखी योजना हवी असल्यास तिचे मूल्य द्यावे. मग ती योजना आपली. ती कोणाकडून अमलात आणावी, हे आपण मोकळेपणाने ठरवावे. काम द्यावयाचे नसेल, तर दोन ओळींचा नकार कळवावा. ‘विचार करून सांगतो’ म्हणून महिनोन्‌महिने झुलविणे हे नकारापेक्षा अधिक क्लेशदायक असते.

काम ठरल्यावर ते लेखी ठरवावे. संकेतस्थळाचे नाव आपल्या नावाने नोंदलेले असावे. गूगलवरील व्यवसायनोंदीचे मुख्य मालकत्व आपल्याकडे असावे आणि सल्लागारास केवळ व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा. सर्च कन्सोल हे गूगलचे साधन विनामूल्य आहे. कोणते शब्द शोधून लोक आपल्यापर्यंत येतात, हे त्यात दिसते. ते आपल्या खात्यावर उघडून सल्लागारास त्यात प्रवेश द्यावा, म्हणजे काम संपल्यावर तो काढून घेता येतो. चिकित्सालयाची किल्ली आपण परिचारकाजवळ देतो, पण घराचे खरेदीखत देत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

मोबदला ठरलेल्या कामाबद्दल असावा. ‘रुग्णामागे इतके रुपये’ हा व्यवहार कोणी कितीही आकर्षक करून मांडला तरी स्वीकारू नये; रुग्ण आणून देण्याबद्दल दलाली देणे आपल्या व्यवसायनीतीत बसत नाही. खोटे अभिप्राय मागू नयेत, आणि कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. ऑनलाइन अभिप्रायांविषयी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून या रोगाची व्याप्ती ध्यानात यावी. रुग्णांची नावे, क्रमांक आणि व्याधींच्या नोंदी सल्लागाराच्या हाती देऊ नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ साली झाला; परंतु रुग्णाचे गुपित राखण्याची आपली प्रतिज्ञा त्याहून फार जुनी आहे.

संघटनेने काय करावे

यावर कोणी म्हणेल, एकट्या वैद्याने हे सर्व कसे सांभाळावे? रास्त प्रश्न आहे, आणि म्हणूनच संघटनेकडे आमची मागणी आहे. एक, वैद्य व फार्मसीचालक यांच्यासाठी दोन पानी कराराचा मराठी नमुना तयार करावा. मालकी, मुदत, मोबदला, काम थांबविण्याची रीत आणि निषिद्ध मजकूर एवढे मुद्दे त्यात पुरेत. दोन, जाहिरातविषयक कायद्यांचे मराठी टिपण तयार करून ते सदस्यांबरोबर सल्लागारांनाही द्यावे. तीन, वार्षिक अधिवेशनात अर्धा दिवस या विषयास द्यावा आणि तेथे सल्लागारांस आरोपी म्हणून न बोलाविता वक्ते म्हणून बोलवावे. आपली मते त्यांस ऐकवावीत आणि त्यांच्या आपल्याविषयीच्या तक्रारी आपण ऐकाव्यात. त्या थोड्या नसतील.

काही सदस्यांस वाटेल की, उत्तम वैद्यास या खटाटोपाची गरजच काय. फूल उमलले की भुंगे आपोआप येतात. या मताविषयी आम्हांस आदर आहे. आमचे गुरुजी असेच म्हणत, आणि त्यांच्या काळी ते खरेही होते. परंतु आज चांगल्या वैद्याने रिकामी ठेवलेली जागा रिकामी राहत नाही. ती छद्मचर भरून काढतो. रुग्णास सत्य सापडावे अशी व्यवस्था करणे म्हणजे आत्मप्रौढी नव्हे. मर्यादा एवढीच की, जे आपण रुग्णासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगू शकत नाही, ते संकेतस्थळावरही लिहू नये.

त्या पहिल्या तरुणास आम्ही पुढे दूरध्वनी केला. तो येईल असे वाटले नव्हते, पण आला. झालेली हकिकत आम्ही त्यास सांगितली आणि क्षमा मागितली. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असे तो म्हणाला नाही. त्याने वही उघडली आणि विचारले, ‘रविवारी दवाखाना उघडा असतो का? नकाशावर उघडा दाखवतोय.’ बंद असतो, असे आम्ही सांगितले. त्याने प्रथम ते दुरुस्त केले. मग आमच्या भाषेतील ‘अम्लपित्ता’ची माहिती लोकांच्या भाषेतील ‘पित्ता’खाली सापडेल अशी मांडली. मधुमेहाच्या पानाऐवजी ‘चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत’ ही सूचना सर्व पानांवर घातली. रुग्णांचा पूर आला नाही. परंतु जे येतात, ते काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे वाचून येतात. त्यामुळे आमचे आणि त्यांचे बोलणे सरळ होते.

या खेपेस त्या तरुणास चहा आम्ही स्वतः दिला. वाचकांपैकी कोणाच्या दारी असा प्रामाणिक नकार देणारा माणूस आला, तर त्यास बसवून घ्यावे, एवढीच नम्र विनंती.